हलक्या बिअरला गुण द्यायचे कसे?

'चवीचं विचारा' या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांत बरीचशी कमी ताकदीच्या, जुन्या वळणाच्या बिअरबद्दल होती. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातला प्रश्न मला फार जवळचा आहे.

प्रश्न : ताई, आम्ही सुदामानगरातले काही निवृत्त मित्र महिन्यातून एकदा पत्ते खेळायला जमतो. मुलीनं बर्मिंगहॅमहून 'डार्क माइल्ड' बिअरचे डबे आणले होते. डब्यावर ३.४ टक्के अल्कोहोल असं लिहिलेलं होतं. आम्ही ती, एक ५ टक्क्यांची लागर आणि एक ८ टक्क्यांची स्ट्राँग अशा तिघींना दहापैकी गुण दिले. माइल्ड सपशेल शेवटी आली. सगळ्यांचं एकच मत, पाणचट आहे. मुलगी म्हणते की तिकडे लोक ही बिअर मुद्दाम शोधत जातात. मग आमची जीभ चुकली की बिअर?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, तुमची जीभ ठीक आहे आणि बिअरही बहुधा ठीक असावी. बिघडली ती मांडणी. पत्रात क्रम लिहिलेला नाही, पण माझा अंदाज असा की स्ट्राँग आधी उघडली गेली, डबे फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतले गेले आणि तिघींना एकाच मापानं गुण दिले गेले. या तिन्ही गोष्टी माइल्डच्या विरुद्ध जातात.

आधी क्रम. अल्कोहोल नुसती नशा आणत नाही. त्याला स्वतःचा एक गोडसरपणा असतो, घशाला ऊब असते, आणि द्रव तोंडात भरल्यासारखा वाटतो. आपल्याकडे ५ टक्क्यांच्या वरची, ८ टक्क्यांपर्यंतची बिअर स्ट्राँग समजली जाते. तिचे दोन घोट घेतल्यावर जीभ त्या ऊबेला सरावते आणि पुढे येणारी ३.४ टक्क्यांची कुठलीही बिअर पोकळ लागते. म्हणून चाखताना नेहमी सगळ्यात हलकी पहिली. मधे साधं पाणी आणि पावाचा एक तुकडा.

मग तापमान. इंग्लंडमध्ये पिंपातली माइल्ड ११ ते १३ अंशांच्या आसपास देतात. आपला फ्रिज ४ अंशांवर असतो. इतक्या गारठ्यात जीभ अर्धी बधिर होते आणि वासाचे कण द्रवातून उठतच नाहीत. माइल्डकडे आहे ते सगळं वासात आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या, चवीत. तेच झाकून टाकलं तर उरणार काय? मे महिन्यात इंदूरच्या घरात डबा फ्रिजबाहेर पंधरा-वीस मिनिटं ठेवलात तरी पुरे. डिसेंबरात बराच जास्त वेळ लागेल. शिवाय डब्यातल्या बिअरमध्ये गॅस पिंपातल्यापेक्षा जास्त असतो आणि त्याची चुणचुण नाजूक चव मारते. आधी एका भांड्यात ओता, हलकेच फिरवा, मग ग्लासात घ्या.

आता माप. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आईच्या हातच्या साध्या वरणाला मिसळीच्या झणक्यानं मोजलं तर वरण दर वेळी नापास होईल. पण त्याच वरणात मीठ चिमूटभर इकडेतिकडे झालं की पहिल्या घासाला कळतं, मिसळीत ते खपून जातं. हलक्या बिअरचं तसंच आहे. ८ टक्क्यांच्या बिअरमधला एखादा दोष अल्कोहोलखाली दबतो, ३.४ टक्क्यांच्या बिअरमध्ये तो उघडा पडतो. निर्दोष माइल्ड करणं म्हणूनच अवघड. मी होळकर कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आणि नोकरीचा बराच काळ बिअरच्या कारखान्यांतल्या चाचणी-प्रयोगशाळांत गेला. तिथे एखाद्या नव्या माणसाची जीभ पारखायची तर आम्ही त्याच्यापुढे सगळ्यात हलकी बिअर ठेवत असू.

नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला राहिले, तेव्हा माइल्ड पहिल्यांदा नीट प्यायले. तो सगळा टापू कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा. दिवसभर घामानं निथळणाऱ्या माणसाला संध्याकाळी तहान भागवणारी, पोटाला थोडा आधार देणारी आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहू देणारी बिअर हवी होती. एकोणिसाव्या शतकातली माइल्ड चांगली कडक असे. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली, सरकारनं बंधनं घातली, आणि ब्रिटनमधल्या बिअरची ताकद उतरली ती पुन्हा पूर्वीसारखी वर गेली नाही. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही तिथली रोजची बिअर होती. पुढे बिटर ही कडसर बिअर आणि लागर यांनी तिची जागा घेतली. १९७१ साली स्थापन झालेली 'कॅम्रा' ही ग्राहकांची संघटना मे महिना माइल्डच्या नावानं साजरा करते, ते ती टिकावी म्हणून. तुमची मुलगी खरं सांगते आहे. शोधणारे लोक आहेत.

गुण देण्यासाठी दहाचं माप फार ढोबळ पडतं. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'चा तक्ता ५० गुणांचा आहे आणि घरीसुद्धा तो छान चालतो. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला किती कमी गुण आहेत पाहा. आपण मात्र रंग आणि फेस पाहूनच निम्मं मत बनवतो. याच संस्थेच्या निकषांत डार्क माइल्डची ताकद ३.० ते ३.८ टक्के दिली आहे. म्हणजे तुमची ३.४ ची बरोबर मधोमध बसते. ताकद कमी म्हणून तिचा एकही गुण कापायचा नाही. कापायचा झाला तर उलट, माइल्ड म्हणवणारी बिअर अल्कोहोलनं घसा तापवत असेल तर.

ग्लास तिसरा हिस्सा भरा आणि ओतल्या ओतल्या आधी नाक लावा. काही वास पहिल्या मिनिटात उडून जातात. टोस्टची करपट कड, टॉफी, कोको, सुकं अंजीर किंवा मनुका, कधी ज्येष्ठमध, यातलं एखाददुसरं मिळालं तरी पुष्कळ. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, वास जवळजवळ नसतो आणि नसावाच. मग ग्लास उजेडापुढे धरा. काळी दिसणारी माइल्ड कडेला तांबूस-लालसर झळकते. फेस थोडा आणि लवकर बसणारा असतो, त्याला दोष देऊ नका.

घोट मोठा घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात. बिअर चाखणारे सहसा गिळतात, कारण गिळताना घशामागून नाकात जो वास चढतो आणि मागे जी कडू-गोड चव रेंगाळते ती त्याशिवाय समजत नाही. प्रत्येकी पन्नास-साठ मिलिलिटर पुरे, अख्खा डबा लागत नाही.

'पाणचट' या शेऱ्यात तथ्य असूही शकतं, म्हणून ते तपासायचं कसं तेही सांगते. माइल्ड हलकी असावी, पोकळ नसावी. हा फरक भट्टीवर ठरतो. दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवताना पाणी ६२-६४ अंशांवर ठेवलं तर पिष्टाची जास्त साखर होते, यीस्ट ती खाऊन टाकतं आणि बिअर कोरडी, सडपातळ निघते. तेच ६७-६८ वर ठेवलं तर यीस्टला न पचणारे पिष्टाचे तुकडे जास्त उरतात आणि त्यांनी बिअरला अंग येतं. कमी ताकदीची बिअर करणारा जाणता ब्रूअर म्हणून तापमान वर ठेवतो. चाखताना विचार असा करायचा : घोट गिळल्यावर माल्ट दोन-चार सेकंद मागे राहतं का? राहत असेल तर ती हलकी. गिळताक्षणी सगळं पुसलं जाऊन नुसतं पाणी उरत असेल तर ती पोकळ. तेव्हा स्पर्शाचे आणि चवीचे गुण बेलाशक कापा.

एकूण परिणामाचे १० गुण देण्याआधी ग्लास खाली ठेवा आणि थोडं थांबा. हात आपणहून पुन्हा ग्लासाकडे गेला, तर या जातीच्या बिअरनं तिचं काम केलं. माझ्या मते माइल्डमध्ये याहून मोठी कसोटी नाही. ५० पैकी ३८ च्या वर गेली तर तक्त्याप्रमाणे ती उत्कृष्ट. पुढच्या बैठकीला डबा उरला असेल तर या क्रमानं पुन्हा चाखा आणि मला कळवा.

प्रश्न : एका ठिकाणी फिकट रंगाची, ४ टक्क्यांहून कमी असलेली बिअर घेतली. तिला उकडलेल्या मक्याचा वास होता. विचारलं तर 'माल्टचा वास आहे' असं सांगितलं. हे खरं का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : अर्धं खरं. वास माल्टमधूनच येतो, पण तो ग्लासापर्यंत पोहोचू द्यायचा नसतो. जव भिजवून मोड आणताना त्यात एक द्रव्य तयार होतं. माल्ट मुरवून निघालेला काढा तापला की त्यापासून डायमिथिल सल्फाइड सुटतं, म्हणजे तुमचा उकडलेला मका. गडद माल्ट जास्त भाजलेलं असतं, त्यात ते मूळ द्रव्य भाजतानाच बरंचसं नष्ट होतं. फिकट माल्टमध्ये ते शिल्लक राहतं. म्हणून काढा झाकण न घालता खळखळून, पुरेसा वेळ उकळायचा, वाफेबरोबर ते निघून जातं, आणि नंतर झटपट गार करायचा. उकळणं कमी पडलं किंवा गार व्हायला वेळ लागला की मका राहिला. काही फिकट लागरमध्ये त्याची पुसट छटा खपवून घेतात. तुम्हाला पहिल्याच हुंगण्यात कळला, म्हणजे पुसट नव्हता. वासाचे तीन-चार गुण जायलाच हवेत, चवीत उतरला असेल तर तिथलेही.

नाक पक्कं करायचं असेल तर कधी इंदूरला आलात की रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या कढईजवळ थांबा. मसाला पडण्याआधी दुधात शिजणाऱ्या मक्याचा जो वास येतो तो डोक्यात साठवा. बाकीचे दोषही घरात शिकता येतात. वितळलेलं लोणी हुंगा : तो वास बिअरमध्ये आला तर यीस्टनं काम पुरं करण्याआधीच बिअर यीस्टपासून वेगळी केली असावी, किंवा नळ्या अस्वच्छ असाव्यात. इंग्लिश बिअरमध्ये त्याचा अगदी निसटता अंश चालतो. हिरव्या सफरचंदाची फोड : बिअर कच्ची. भिजलेला पुठ्ठा : बिअरला हवा लागून ती शिळी झाली. दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास : बहुतेक पाण्यातलं क्लोरिन. आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि शहराच्या पाण्यात क्लोरिन असतंच, ते असावंही. पण ब्रूअरनं ते आधी काढलं नाही तर माल्टमधल्या द्रव्यांशी त्याचा संयोग होतो आणि अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला कळतो. स्ट्राँगमध्ये एखाद्या वेळी सुटेल, हलकीत कधीच सुटत नाही.

प्रश्न : मी वडोदऱ्याची. आमच्याकडे दारूबंदी, त्यामुळे अनुभव शून्य. बर्लिनला मुलाकडे गेले होते तेव्हा 'बर्लिनर वाइसं' चाखली. चक्क आंबट! सून म्हणाली अशीच असते, पण मला ती नासलेली वाटली. तिथे सगळे त्यात लाल किंवा हिरवं सरबत घालून पीत होते.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे. या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टबरोबर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू मुद्दाम वाढू देतात. आपल्या विरजणात असतात त्यांच्याच गोतातले. ताकद २.८ ते ३.८ टक्के, कडूपणा जवळपास नाही. नेपोलियनच्या सैनिकांनी तिला 'उत्तरेची शॅम्पेन' म्हटलं अशी कथा सांगतात.

नासलेली आणि मुद्दाम आंबवलेली यांतला फरक नाकाला कळतो. चांगलीचा आंबटपणा दह्याच्या निवळीसारखा स्वच्छ, जिभेच्या कडांना झोंबणारा आणि लगेच ओसरणारा. मागे गव्हाच्या पावाची, कच्च्या कणकेची चव. व्हिनेगरचा भपका आला, घसा जळला किंवा ओकारीसारखा वास आला तर ती खरंच बिघडलेली. या बिअरचा फेस भराभरा बसतो. आंबटपणामुळे तो टिकत नाही, त्याचे गुण कापायचे नाहीत. लाल सरबत रासबेरीचं, हिरवं वुडरफ या वनस्पतीचं. घालून प्यायला काहीच हरकत नाही, पण चव ठरवायची असेल तर पहिले दोन घोट सरबताशिवाय.

पुन्हा युरोपात जाणं झालं तर पोलंडची ग्रॉजिस्किए मिळते का पाहा. ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाच्या माल्टची, साधारण ३ टक्क्यांची, पाण्यासारखी फिकट आणि भरपूर बुडबुड्यांची. ज्या गावाची ती बिअर, त्या ग्रॉजिस्क व्हिएल्कोपोल्स्कीमधला शेवटचा कारखाना १९९३ साली बंद पडला होता. नंतर २०१५ मध्ये तिथे ती पुन्हा बनू लागली. इतक्या कमी ताकदीत धूर, गहू आणि कडूपणा तिघांचा तोल सांभाळलेला पाहून मला आजही त्या ब्रूअरांबद्दल आदर वाटतो. तुम्ही बर्लिनपर्यंत गेलाच होतात, तिथून पोलंड लांब नाही.

प्रश्न : घरीच ३ टक्क्यांची बिअर करून पाहावी म्हणतो. सामान ऑनलाइन मिळतं. चालेल ना? आणि इतकी हलकी बिअर पिऊन स्कूटर चालवली तर?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोन्हींना नाही. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते ३ टक्क्यांचं का असेना. माल्टची ओळख करून घ्यायची तर माल्ट केलेले जव कुटून ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवा आणि गाळून तसंच, न आंबवता, त्याच दिवशी प्या. गोड, पौष्टिक, कायदेशीर. बिअरची निम्मी चव त्यातच आहे.

स्कूटरचं उत्तर आकड्यांत देते. ३.४ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ९ ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४१ ग्रॅम. फरक मोठा आहे, पण ९ म्हणजे शून्य नव्हे, आणि हलकी आहे म्हणून माणूस तिसरा डबा सहज उघडतो. कायद्यानं मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. रिकाम्या पोटी, सडपातळ माणसाला ती ओलांडायला फार लागत नाही. बैठक असेल त्या दिवशी रिक्षा करा.

प्रश्न : चाखताना सोबत काय ठेवावं? आमच्या घरी शेव असतेच. आणि ग्लास कसे धुवावेत?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : गुण लिहून होईपर्यंत शेवेचा डबा स्वयंपाकघरातच राहू द्या. आपल्या रतलामी शेवेत लवंग, मिरी, तिखट सगळं असतं. त्यातली लवंग फार घात करते, कारण गव्हाच्या काही बिअरमध्ये लवंगेचा वास यीस्टमुळे खरोखरच येतो. मग तो ग्लासातून आला की शेवेतून, हे कुणालाच सांगता येत नाही. बिनमिठाचे फुटाणे किंवा साधा पाव ठेवा. उदबत्ती, अत्तर, हाताला लागलेला साबणाचा वास, हेही दूर.

ग्लास साबणानं धुतले तरी नंतर भरपूर पाण्यानं खळबळून उपडे ठेवून वाळवा, फडक्यानं पुसू नका. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस मरतो आणि दोष बिअरच्या माथी येतो. तपासायला ओल्या ग्लासात आतून थोडं मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. मग मीठ धुऊन टाकायला विसरू नका.

गुण लिहून झाले की मात्र शेव आणा, कचोरी आणा. माइल्डबरोबर मला स्वतःला गरम मुगाची कचोरी आवडते, चटणी न घालता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पबमध्ये तिच्यासोबत चीज आणि कच्चा कांदा भरलेला पाव, म्हणजे तिथला 'कॉब', मिळायचा. तोही घरी सहज होतो. फक्त कांदा पातळ चिरा, आणि चीज जरा उग्र वासाचं घ्या.